बाँड कोण होणार ते सोडा, बाँड कुणाचा झालाय ते बघा

नमस्कार मंडळी. आज जेम्स बाँडवर बोलायचंय. खरं तर सुरुवातीलाच ती त्याची ट्यून वाजवायला हवी होती, पण ती वाजवायची म्हणजे हक्क कुणाचा, परवानगी कुणाची, सगळं आलं, आणि आजचा विषयही नेमका तोच आहे बघा, हक्क कुणाचा.

२०२१ साली डॅनियल क्रेगचा शेवटचा बाँडपट लागला तेव्हा आम्ही तिघं मित्र गेलो होतो. त्यात बाँड मरतो. इतकी वर्षं झाली, आता सांगितलं म्हणून कुणी चिडू नका. तर पिक्चर संपला, लाइट लागले, लोक उठून गेले, आम्ही आपले बसून, पडद्यावर नावं सरकतायत, सरकतायत, साफसफाईवाला झाडू घेऊन आमच्या रांगेच्या टोकाला येऊन उभा राहिला तरी कुणी हलेना, आणि मग अगदी शेवटी ती ओळ आली, जेम्स बाँड परत येणार म्हणून. आमच्यातला एक जण जोरात ओरडला, "कुठून येणार, राख झाली की त्याची!" तेव्हापासून तो, मी आणि जगभरचे फॅन एकच खेळ खेळतोय, पुढचा बाँड कोण.

आणि मला वाटतं आपण चुकीच्या प्रश्नात अडकलोय.

थोडं मागे जाऊ. ब्रोकली आणि साल्ट्झमन या दोन निर्मात्यांनी १९६१ मध्ये ईऑन नावाची कंपनी काढली, पुढच्याच वर्षी पहिला पिक्चर. १९७५ ला साल्ट्झमन पैशाच्या अडचणीत आला आणि आपला वाटा युनायटेड आर्टिस्ट्स स्टुडिओला विकून मोकळा झाला, तो स्टुडिओ पुढे एमजीएम या दुसऱ्या हॉलिवूड स्टुडिओत गेला. म्हणजे बाँडला दोन मालक झाले, एक घराणं आणि एक स्टुडिओ. पैसा स्टुडिओचा, पण हिरो कोण, डायरेक्टर कोण, स्क्रिप्टमध्ये काय, हे ठरवणार ब्रोकली घराणं, आधी बाप आणि नंतर मुलगी बार्बरा आणि तिचा सावत्र भाऊ मायकल विल्सन. २०२२ ला ॲमेझॉनने एमजीएम घेतलं, ८.४५ अब्ज डॉलरला, आणि बाँडच्या बाबतीत त्यांची अवस्था अशी की घर घेतलंय पण किल्ली अजून शेजारच्या काकूंच्या कमरेला.

ती किल्ली मिळाली २० फेब्रुवारी २०२५ ला. बार्बरा आणि मायकल यांचा मालकीतला वाटा राहणार, पण पिक्चर कसा असेल हे आता ॲमेझॉन ठरवणार. त्याच दिवशी ॲमेझॉनवाल्या जेफ बेझोसने सोशल मीडियावर विचारलं, पुढचा बाँड म्हणून तुम्ही कुणाला निवडाल. झालं! लोक तुटून पडले, सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलचं नाव तर इतक्या जणांनी घेतलं की विचारू नका. मला मात्र ते वाचून कसंसंच झालं. अहो, साठ वर्षं हे विचारलं नव्हतं कुणी आपल्याला, आणि बरं झालं नाही विचारलं. २००५ मध्ये क्रेगचं नाव जाहीर झालं तेव्हा याच फॅन लोकांनी बोंब मारली होती, सोनेरी केसांचा बाँड असतो का कधी, बहिष्कार टाका म्हणून वेबसाइट काढली, आणि वर्षभरात पिक्चर आला आणि तीच मंडळी क्रेगसारखा क्रेगच म्हणायला लागली. मीही त्यातलाच, लपवत नाही. त्या वेळी मतदान घेतलं असतं तर क्रेग आलाच नसता.

म्हणून माझा प्रश्न असा की आता "नाही" कोण म्हणणार. कारण खरी भीती हिरोची नाहीच, भीती आहे पसाऱ्याची. बाँडच्या साहेबांची सेक्रेटरी मनीपेनी, तिची वेगळी सिरीज, त्याला यंत्रं बनवून देणारा क्यू, त्याची वेगळी, व्हिलनचं बालपण, तरुण बाँडचं कॉलेज, दर तीन महिन्यांनी काहीतरी. हे उगाच म्हणत नाही मी, स्टार वॉर्सचं काय झालं बघा. डिस्नेने २०१२ मध्ये ते पिक्चर काढणारी लुकासफिल्म घेतली, ४ अब्ज डॉलरच्या वर मोजून, आणि २०१५ ते २०१९ पाच वर्षांत पाच पिक्चर काढले. पहिला आला तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतला, हान सोलोवाला चौथा आपटला, आणि पाचव्यानंतर थिएटरात वर्षानुवर्षं शुकशुकाट, सगळा माल सिरीजमध्ये. शिवाय आधीच्या कादंबऱ्यांमध्ये जे घडलं होतं ते २०१४ मध्ये एका फटक्यात रद्द, म्हणे त्या आता दंतकथा समजा. ज्यांनी पंचवीस वर्षं ती पुस्तकं वाचली त्यांचं काय झालं असेल सांगा.

पण ब्रोकली घराणं म्हणजे अगदी धुतल्या तांदळासारखं होतं असंही नाही हां. २००२ च्या पिक्चरमधल्या हॅली बेरीने केलेल्या जिंक्स या पात्रावर वेगळा पिक्चर काढायची हौस त्यांनाच होती, आणि बजेट बघून एमजीएमने नाही म्हटलं. म्हणजे उलटंच की! दोन मालक असल्याचा फायदा हाच होता, एक पुढे पळायला लागला की दुसरा शर्ट धरायचा. तोटाही होताच. एमजीएम विकण्याच्या भानगडीत कोर्टकचेरी झाली आणि १९८९ ते १९९५ सहा वर्षं बाँडच नाही, त्यात बिचाऱ्या टिमथी डाल्टनला दोनच पिक्चर मिळाले. २०१० मध्ये एमजीएमचं दिवाळं निघालं तेव्हा पुन्हा काम थांबलं, तो पिक्चर आला २०१२ ला आणि त्याने १ अब्ज डॉलरच्या वर धंदा केला. हक्क फुटले की काय होतं ते १९८३ मध्ये तर जगाने पाहिलंच, एकाच वर्षी दोन बाँड. एकीकडे रॉजर मूर, आपला कबीर बेदी, उदयपूरचा तलाव, आणि दुसरीकडे दुसऱ्याच निर्मात्याकडे खुद्द जुना बाँड शॉन कॉनरी, पण तिथे ना ती ट्यून, ना सुरुवातीचं ते बंदुकीच्या नळीतून दिसणारं चालत येणं, कारण त्याचे हक्क ईऑनकडे. कॉनरी समोर आहे आणि तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं, बघा कधी मिळाला तर.

आता फॅन लोकांचा आणखी एक हिशोब आहे, मला तो पटतो. बाँडची मूळ पुस्तकं लिहिणारा इयान फ्लेमिंग गेला १९६४ ला. ब्रिटनमध्ये लेखक गेल्यावर ७० वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणजे १ जानेवारी २०३५ पासून तिकडे मूळ पुस्तकं सगळ्यांना मोकळी. ट्रेडमार्क वगैरे राहतील, अमेरिकेत नियम वेगळा, तिथे पहिलं पुस्तक २०४९ पर्यंत तरी सुटत नाही, पण तारीख डोळ्यासमोर असली की माणूस घाई करतो, आणि एवढे पैसे ओतलेला माणूस तर करणारच. याउलट आत्तापर्यंतची पावलं मात्र घाईची वाटत नाहीत, हे कबूल करायला हवं. निर्माते म्हणून एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन, म्हणजे एकीने सोनीत असताना क्रेगचे पिक्चर वितरित केलेले आणि दुसऱ्याने हॅरी पॉटरचे आठही काढलेले, डायरेक्टर डेनी व्हिलनव्ह, लिहायला स्टीव्हन नाइट. व्हिलनव्ह म्हणजे 'ड्यून' हा वाळवंटातला पिक्चर काढणारा, वाळूचं एक टेकाड पाच मिनिटं दाखवेल पण ते असं दाखवेल की तुम्ही बघत राहाल. या माणसाकडून दर तीन महिन्यांनी एपिसोड काही निघणार नाही. त्याच्यानंतर कोण, तिथे मात्र माझी पाल चुकचुकते.

परवा रात्री आमच्या त्या राखवाल्या मित्राचा पुन्हा मेसेज, नवीन नाव, खाली तीन उद्गारचिन्हं. मी त्या पोराचं नाव कधी ऐकलं नव्हतं, शोधून बघितलं, तर क्रेगचा पहिला बाँड आला तेव्हा हा पहिलीत होता. मी मित्राला विचारलं, कॅव्हिलचं काय झालं रे? तो म्हणाला, म्हातारा झाला आपल्याबरोबर.