रॉसकॉमनची शांतता

नमस्कार श्रोतेहो.

आयर्लंडला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, काय काय पाहिलं? डब्लिन, मोहेरचे कडे, फार तर गॉलवे. रॉसकॉमन काउंटीचं, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्याचं, नाव कुणी घेत नाही. डब्लिनहून वेस्टपोर्टला जाणारी गाडी तिथे थांबते, चार माणसं उतरतात, गाडी पुढे जाते. मीही मे महिन्यात अशीच उतरले. अख्ख्या काउंटीची वस्ती सत्तर हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावाएवढी. बाकी दगडी बांध, मेंढरं आणि पाऊस. छत्री नेऊच नका, वाऱ्यापुढे ती टिकत नाही. आणि हो, शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, वेगळा काढावा लागतो.

टल्स्क गावाजवळचं राथक्रोहन म्हणजे कॉनाख्तच्या, आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या प्रांताच्या, प्राचीन राजांचं ठिकाण. पाहायला जावं तर नुसती गवताची टेकाडं, त्यांवर गुरं चरताहेत! पण अशी दोनशेच्या वर पुरातन स्थळं त्या शेतांमध्ये आहेत. मेव्ह राणीचा वाडा इथलाच, असं कथा सांगतात. राणी आणि तिचा नवरा एकदा कुणाची मालमत्ता जास्त ते मोजायला बसले. राणीकडे नेमका एक बैल कमी भरला, आणि त्या बैलापायी युद्ध पेटलं. भांडण घरातलं, मेलं सैन्य!

जवळच एका शेतात ओवेनागॅट, म्हणजे मांजरांची गुहा. वाटाड्याबरोबरच जायचं. तोंड इतकं बुटकं की रांगतच आत शिरावं लागतं. वर पाहिलं, तर छताच्या दगडाच्या कडेला ओघम या प्राचीन आयरिश लिपीच्या रेघा खोदलेल्या: ‘मेव्हचा मुलगा फ्रेख’ असं त्या वाचतात. पुढे पायाखाली घोट्यापर्यंत चिखल. वाटाड्यानं विजेरी बंद केली, तेव्हा फक्त पाणी ठिबकल्याचा आवाज राहिला. साउइन सणाच्या रात्री, ज्याचं पुढे हॅलोविन झालं, इथून परलोकातली भुतं बाहेर पडतात, असं जुने लोक मानत. त्या अंधारात मला ते पटलं, खोटं कशाला सांगू.

बाहेर मात्र हॉथॉर्न फुलला होता, पांढराशुभ्र. शेताच्या मधोमध एकटं उभं असलेलं हॉथॉर्नचं झाड शेतकरी तोडत नाहीत, नांगर वळवून नेतात. आपल्या देवराईतल्या झाडाला कुऱ्हाड लावायला हात धजत नाही, तसंच हे. उत्तरेला लॉख की नावाचं तळं आहे, बेटाबेटांचं, भोवती रान. एक दिवस तिथे नुसतं बसायला ठेवा.

पण ही शांतता मुळात आली कुठून, ते स्ट्रोक्सटाउनला कळतं. जमीनदाराच्या वाड्यातच तिथे दुष्काळाचं संग्रहालय आहे. दुष्काळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोरडी विहीर येते. हा दुष्काळ भर पावसात आला. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला, ओल्या हवेत तो भराभर पसरला, आणि गरिबाच्या ताटात तर दुसरं काही नव्हतंच. क्लूनाहीच्या कुळांनी १८४६ मध्ये केलेला अर्ज तिथे आहे. पोरांचं भुकेनं रडणं आता सोसवत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं.

मालक होता मेजर डेनिस महोन. त्यानं हिशेब केला: कुळं पोसण्यापेक्षा त्यांना जहाजात बसवून कॅनडाला धाडणं स्वस्त. १८४७ च्या मे महिन्यात १,४९० माणसं कालव्याच्या काठानं डब्लिनपर्यंत चालत गेली, शेकडो प्रवासातच दगावली. नोव्हेंबरात मालकाला कुणीतरी गोळी घातली. १८४१ ते १८५१ या दहा वर्षांत रॉसकॉमनची जवळजवळ एक तृतीयांश माणसं कमी झाली.

त्या वाटेनं आज चालत जाता येतं, १६५ किलोमीटर. मी पाचेकच चालले. वाटेवर जागोजागी लहान मुलांच्या बुटांचे कांस्याचे जोड बसवलेत. मी पाहिलेल्या जोडात पावसाचं पाणी साठलं होतं, आणि डाव्या बुटात कुणीतरी रानफूल खोचून ठेवलं होतं.