फळी, वायर आणि पाय: घरी बांधलेला पेडलबोर्ड

जमिनीवर सहा पेडल, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायचे डबे, पसरलेली, प्रत्येकाचा अ‍ॅडॅप्टर वेगळा, एक्स्टेंशन बोर्डात जागा उरलेली नाही, आणि मधे कुठेतरी एक पॅच केबल, म्हणजे दोन पेडल जोडणारी छोटी केबल, अशी आहे जी जरा हलवली की आवाज जातो. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या बहुतेकांनी हे बघितलेलं असतं. वाजवायला बसायचं म्हणजे आधी पंधरा मिनिटं जोडाजोडी, आणि उठताना परत सगळं सोडवायचं.

यावरचा इलाज म्हणजे पेडलबोर्ड. एक फळी, त्यावर पेडल पक्की बसवलेली, खाली एकच पॉवर सप्लाय, गिटारकडून एक केबल आत आणि अ‍ॅम्पकडे एक बाहेर. तयार बोर्ड भरपूर मिळतात, वाईटही नसतात, पण घरी बांधायला घेतला की एक गोष्ट कळते जी एरवी कळत नाही. आपण सगळे पेडलबद्दल बोलतो, कुठला ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाडणारा), कुठला डिले (प्रतिध्वनी देणारा), आणि बोर्ड चांगला झाला की नाही हे ठरतं मात्र दोन पेडलच्या मधल्या जागेत, म्हणजे वायर कशी आहे, करंट कुठून येतोय आणि पाय कुठे पडतोय यावर. आजचा व्हिडिओ त्या मधल्या जागेबद्दलच आहे.

थोडं मागे जाऊ. १९६२ साली मायस्ट्रो फझ-टोन बाजारात आलं, पायाने दाबायचं फझ, म्हणजे आवाज खूप फाटका, खरखरीत करणारं पेडल. १९६६ मध्ये गोल तबकडीसारखं फझ फेस आलं, त्याच सुमारास वाह आलं, पाऊल पुढे-मागे झुकवून ‘वाह-वाह’ असा आवाज काढायचं पेडल. १९६९ ला वूडस्टॉकच्या स्टेजवर गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या पायाशी वाह, फझ फेस आणि आवाज लहरता करणारं युनि-व्हाइब, सगळं सरळ जमिनीवर ठेवलेलं. बोर्ड वगैरे काही नाही. पुढे सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये पीट कॉर्निश यांनी वादकांसाठी अख्खे बोर्ड बांधायला घेतले, पिंक फ्लॉइड या बँडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मोर त्यांच्याकडूनच बोर्ड बनवून घ्यायचे, आणि त्यात पेडलची सर्किटं मूळ डब्यातून काढून एकाच मोठ्या पेटीत बसवलेली असायची. मग १९७७ मध्ये बॉसची छोटी कॉम्पॅक्ट पेडल आली, आणि तो डबा आजही जवळपास तसाच आहे, ७३ मिलिमीटर रुंद, १२९ लांब. बोर्डाचं माप काढताना याचा खूप उपयोग होतो, कारण त्या घराण्यातलं पेडल बदललं तरी जागा तीच राहते.

आता कामाला लागू. आणि पहिलं काम करवत हातात घ्यायचं नाहीये, पहिलं काम कागदाचं आहे. प्रत्येक पेडलच्या मापाचा जाड पुठ्ठा कापायचा, त्यावर नाव लिहायचं, जॅक कुठल्या बाजूला आहे ते खुणेने दाखवायचं, आणि सगळे तुकडे जमिनीवर मांडायचे. मग गिटार गळ्यात अडकवून उभं राहायचं. बसून नाही, उभं राहून, आणि वाजवताना जे बूट घालता ते घालून. आता नेहमीचं एखादं गाणं मनात वाजवत पाय टाकून बघा. कोरसच्या आधी ओव्हरड्राइव्ह लागतो, सोलोला डिले लागतो, आणि दोन्ही एकदम लागत असतील तर ते शेजारी हवेत की एका पायात दोन्ही दाबता येतील. गाण्याच्या मधे दाबायची पेडल पुढच्या रांगेत, आणि एकदा लावून सोडून द्यायची, जसं रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्यासारखा आवाज देणारं) किंवा कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारं), ती मागे. वाहला कोपऱ्यातच ठेवा, शक्यतो उजवीकडे, कारण तिथे अख्खं पाऊल ठेवून वजन टाकायचं असतं आणि बाजूला अडथळा नको. बहुतेक पेडलला इनपुट उजवीकडे असतं, त्यामुळे सिग्नल उजवीकडून डावीकडे जातो, आणि वाह साखळीत सुरुवातीला असतं, म्हणजे दोन्ही हिशोब जुळतात.

पुठ्ठे मांडताना प्लगची जागा सोडायला विसरू नका. साधा सरळ प्लग दोन पेडलच्या मधे खूप जागा खातो, चपटा पॅनकेक प्लग घेतला तर तीच जोडी बरीच जवळ येते. एवढ्याने बोर्डवर अजून एक पेडल मावतं कधीकधी.

मांडणी पक्की झाली की लाकूड. साधारण ६० बाय ३० सेंटिमीटरचा बोर्ड, १२ मिलिमीटरचं प्लायवुड. एमडीएफ स्वस्त आणि गुळगुळीत असतं पण त्याच्या कडेत स्क्रू नीट धरत नाही आणि ओल लागली की फुगतं, म्हणून मी प्लायच सुचवेन. अख्खी सलग फळी न ठेवता आडव्या पट्ट्या लावायच्या, मधे दोन-तीन सेंटिमीटरची फट, म्हणजे वायरी तिथून खाली जातात आणि वरचा भाग मोकळा राहतो. मागची बाजू पुढच्यापेक्षा सहा सेंटिमीटर उंच ठेवली तर ३० सेंटिमीटरच्या खोलीला साधारण साडेअकरा अंशांचा उतार मिळतो. तेवढ्यात मागच्या रांगेपर्यंत पाय पोचतो आणि पुढच्या पेडलचे नॉब चुकून फिरत नाहीत. फक्त बोर्डाचे पाय कापायच्या आधी पॉवर सप्लायची उंची मोजा, कारण तो याच उताराखाली मागच्या बाजूला बसणार आहे आणि वर प्लगसाठी जागा हवी.

कडा पॉलिश पेपरने गोल करा, मग वार्निश. हे दिसण्यासाठी तर आहेच, पण कच्च्या लाकडावर वेल्क्रोचा गोंद धरत नाही, थोड्या दिवसात पट्टी सुटून येते. वार्निश पूर्ण वाळू द्या, धूळ पुसा, मग मऊ बाजू फळीला आणि खरखरीत बाजू पेडलला. पेडलच्या खालचे रबरी पाय काढावे लागतात, ते एका पाकिटात नाव लिहून जपून ठेवा.

आता वीज. इथे घाई अजिबात करायची नाही.

बहुतेक पेडल ९ व्होल्ट डीसीवर चालतात, प्लग बाहेरून ५.५ आणि आतून २.१ मिलिमीटरचा, आणि महत्त्वाचं म्हणजे मधला भाग निगेटिव्ह. घरातल्या बऱ्याच उपकरणांच्या अ‍ॅडॅप्टरला मधला भाग पॉझिटिव्ह असतो, आणि प्लग मात्र दिसायला तोच, आरामात आत जातो. पेडलमध्ये उलट्या पोलॅरिटीपासून बचाव नसेल तर ते तिथेच जळतं. म्हणून अ‍ॅडॅप्टरवरचं छोटं चित्र, मधे टिंब आणि दोन बाजूंना प्लस-मायनस, ते प्रत्येक वेळी वाचायचं.

मग मिलिअँपचा हिशोब. साधा अ‍ॅनालॉग ओव्हरड्राइव्ह पाच-दहा मिलिअँपमध्ये भागवतो, डिजिटल डिले किंवा रिव्हर्बला शंभर, काहींना तीनशेपर्यंत लागतात. सप्लायचा आउटपुट पेडलच्या गरजेपेक्षा जास्त मिलिअँपचा असेल तर काही बिघडत नाही, पेडल लागेल तेवढंच ओढतं. कमी असेल तर डिजिटल पेडल अडखळतं, मधेच बंद होतं, नाहीतर विचित्र आवाज करतं. व्होल्टेजचं मात्र तसं नाही, ९ च्या पेडलला १८ दिले तर ते मरू शकतं, पेडलवर स्पष्ट लिहिलं असेल तरच द्या.

डेझी चेन, म्हणजे एका अ‍ॅडॅप्टरवरून सगळ्यांना जोडलेली एकच वायर, दोन-तीन अ‍ॅनालॉग पेडलला चालून जाते. पण पेडल वाढली की काय होतं बघा. प्रत्येक पेडलचं ग्राउंड, म्हणजे सर्किटची शून्य व्होल्टची समाईक बाजू, शेजारच्या पेडलला पॅच केबलच्या तांब्याच्या जाळीतून जोडलेलं आहेच, आणि आता पॉवरच्या वायरमधूनही जोडलं गेलं. ग्राउंडला दोन रस्ते मिळाले, एक रिंगण तयार झालं, त्यातून गुणगुण शिरते. त्यात एखादं डिजिटल पेडल असेल तर त्याच्या क्लॉकची (आतल्या चिपला ताल देणाऱ्या सर्किटची) बारीक शिट्टी पॉवरमधून ओव्हरड्राइव्हमध्ये जाते आणि ओव्हरड्राइव्ह ती इमानदारीने मोठी करून देतो. आयसोलेटेड सप्लायमध्ये प्रत्येक आउटपुट दुसऱ्यापासून तोडलेला असतो, म्हणून तो महाग असतो, आणि बोर्डमध्ये कुठे पैसे घालायचे विचाराल तर माझं उत्तर तेच राहील, एक पेडल कमी घ्या पण सप्लाय आयसोलेटेड घ्या. जुन्या पद्धतीच्या जर्मेनियम पीएनपी फझला तर पर्यायच नाही, त्यांचं ग्राउंड पॉझिटिव्ह असतं, इतरांसोबत एका चेनवर टाकलं की सरळ शॉर्ट. आणि मेन्सचा सप्लाय स्वतः बनवायच्या भानगडीत पडू नका, तयार सीलबंद घ्या. घरी करण्यासारखं बाकी पुष्कळ आहे.

जसं की केबल. हे जवळून बघू.

केबलचं टोक एक-दीड सेंटिमीटर सोलायचं. बाहेरचं रबर निघालं की तांब्याची जाळी दिसते, ती उलगडून एका बाजूला पीळ घालायची. आता आत जे काळं दिसतंय ना, तिथे नीट लक्ष द्या. गिटारच्या बऱ्याच केबलमध्ये मधल्या वायरच्या इन्सुलेशनवर काळ्या प्लास्टिकचा एक पातळ थर असतो, आणि ते प्लास्टिक वीज वाहतं. केबल हलली की जो खरखर आवाज येतो तो कमी करायला ते घातलेलं असतं. दिसायला साधं इन्सुलेशन वाटतं म्हणून तसंच ठेवलं आणि ते प्लगच्या टिपला, म्हणजे सिग्नल नेणाऱ्या टोकाला, टेकलं, तर सिग्नल थोडा थोडा ग्राउंडला गळत राहतो. केबल चालते, पण आवाज दबलेला, आणि कारण कुणाला सापडत नाही. तो थर ब्लेडने हलकेच मागपर्यंत सोलून काढा, आतलं पांढरं किंवा पारदर्शक इन्सुलेशन उघडं दिसलं पाहिजे.

मग प्लगचं झाकण आधी केबलवर सरकवून घ्या, दोन्ही टोकांना आधी थोडं सोल्डर पाजा, आयर्न साधारण ३५० अंशांवर, टिपच्या कानावर (वायर जोडायच्या छोट्या पत्रीवर) टेकवा, सोल्डर कानाच्या उष्णतेने वितळला पाहिजे, आयर्नला लावून थेंब टाकायचा नाही. चमकदार आणि पसरलेला जोड चांगला, गोळा होऊन बसलेला फिका जोड परत करा. जाळीच्या बाजूला जास्त उष्णता लागते, तिथे रेंगाळलात तर मधलं इन्सुलेशन वितळून शॉर्ट होतं, म्हणून पटकन. शेवटी मल्टीमीटर बीपवर लावून टिप ते टिप वाजलं पाहिजे, जाळी ते जाळी वाजलं पाहिजे, टिप ते जाळी अजिबात नाही, आणि हे तपासताना केबल दोन्ही टोकांना वाकवून बघायची. सोल्डर न लागणारे प्लगही मिळतात, पटकन होतात, पण वारंवार ने-आण होणाऱ्या बोर्डात ते सैल पडतात, म्हणून मी सोल्डरच्याच बाजूने.

क्रमाबद्दल भांडणं खूप चालतात. नेहमीचा क्रम असा, ट्यूनर, वाह, कॉम्प्रेसर, मग ओव्हरड्राइव्ह, मग कोरस-फेजर अशी आवाज लहरता करणारी पेडल, मग डिले, शेवटी रिव्हर्ब. यामागे कारण आहे, ओव्हरड्राइव्हनंतर डिले असेल तर प्रत्येक प्रतिध्वनी स्वच्छ ऐकू येतो, उलट केलं तर सगळे प्रतिध्वनी एकदम ओव्हरड्राइव्हमध्ये घुसतात आणि चिखल होतो. कुणाला तो चिखलच हवा असतो, खुशाल करा. पण फझ फेस जातीच्या फझचं वेगळं आहे, त्याला गिटारचा पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग) थेट समोर लागतो, मधे बफर, म्हणजे पुढच्या केबलचा भार स्वतःवर घेणारं छोटं सर्किट, आला की तो कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून जो गोड साफ आवाज मिळतो तो जातो. त्याला अगदी पहिलं ठेवा.

बफरचा विषय निघालाच आहे तर, केबलच्या प्रत्येक मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. गिटार ते बोर्ड सहा मीटर, बोर्ड ते अ‍ॅम्प सहा, मधल्या पॅच केबल दोन-तीन, म्हणजे चौदाशे-पंधराशे पिकोफॅरड झाले. सगळी पेडल ट्रू बायपासची, म्हणजे बंद असताना सिग्नल सर्किटला न शिवता सरळ पुढे सोडणारी, असतील तर बंद असताना हा सगळा भार एकट्या पिकअपवर येतो आणि वरची धार, ट्रेबल, निघून जाते. एक बफर, फझच्या नंतर, एवढं पुरतं. साखळीत एखादं बॉसचं नेहमीचं पेडल असेल तर ते बंद असतानाही बफरचं काम करतंच, वेगळा घ्यायची गरज नाही.

फळी उलटी करा आता. पॉवरच्या वायरी एका कडेने, सिग्नलच्या दुसऱ्या कडेने, आणि एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. झिप टाय आवळून टाकू नका, प्रत्येक पेडलपाशी थोडी ढील ठेवा, कारण पेडल बदलणार, सगळ्यांचीच बदलतात. बोर्डाच्या कडेला दोन जॅक लाकडातच बसवले तर अजून चांगलं, कुणाचा पाय केबलमध्ये अडकला तर झटका लाकूड घेतं, पेडलचा नाजूक जॅक नाही.

पहिल्यांदा चालू करताना एकेक पेडल जोडत जा. गुणगुण आली तर शेवटचं जोडलेलं काढून बघा. आणि गिटार हातात धरून जागेवर फिरून बघा, फिरताना गुणगुण कमी-जास्त होत असेल तर ती सिंगल कॉइल पिकअपची आहे, बोर्डावर राग काढू नका. ओव्हरड्राइव्ह वाढवल्यावर येणारा हिस्स् आवाज वेगळा, तो गेनचाच असतो.

मग शेवटची परीक्षा. गिटार थेट अ‍ॅम्पला एका केबलने, दोन-चार कॉर्ड वाजवा, उघड्या तारा, वरच्या पट्टीतले सूर. आता तीच गिटार बोर्डमधून, सगळी पेडल बंद ठेवून, अ‍ॅम्पच्या नॉबला हात न लावता. किंचित फरक चालतो. आवाज दबलेला वाटला तर मधोमध एक पॅच केबल काढा आणि अ‍ॅम्पची केबल तिथेच लावा. आवाज सुधारला तर दोष अ‍ॅम्पकडच्या अर्ध्या भागात आहे, नाही सुधारला तर गिटारकडच्या, आणि असं अर्धं-अर्धं करत एका केबलपर्यंत किंवा एका पेडलपर्यंत येता येतं. ती केबल सोडवा, प्लग उघडा, आणि सगळ्यात आधी तो काळा थर बघा.