खरी फवारणी दुसरी

नमस्कार. फवारणी केली, कीड दिसेनाशी झाली आणि पंधरा दिवसांत झाड पुन्हा पांढरं, असं किती जणांचं झालंय? बरेच हात वर आहेत. त्यात माझाही धरा. आपण औषधाला शिव्या घालतो, पण औषध बहुतेक वेळा ठीकच असतं. थांबतो आपण, तेही लवकर.

पिठ्या ढेकूण घ्या, म्हणजे मिलीबग. पानाच्या बेचक्यात कापूस अडकल्यासारखा दिसतो तो. एक मादी 300 ते 600 अंडी घालू शकते, आणि ती मेणचट कापसाच्या पिशवीत. पाणी त्यावरून ओघळून जातं, साबणाचंही तिथे फारसं चालत नाही. उबेत आठवडा-दहा दिवसांत अंडी फुटतात. बाहेर पडणारी पिवळसर पिल्लं चालती-फिरती असतात आणि अंगावर मेण जवळजवळ नसतं. साबणाच्या पाण्याने मरतात ती ही. म्हणून सात-सात दिवसांच्या अंतराने निदान चार वेळा फवारा, कॅलेंडरवर खूण करून. मोठ्या किड्यांसाठी कापसाची काडी 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेकाला टेकवायची. मेण विरघळतं आणि खालचा गुलाबीसर जीव उघडा पडतो. काम कंटाळवाणं आहे खरं, मला मात्र त्यात मजा येते.

साबणाबद्दल एक गैरसमज आहे, की पानावर वाळल्यावरही तो काम करत राहतो. खरं तर तो वाळला की संपला. किडीच्या अंगाला ओला लागला तरच उपयोग, त्यामुळे पानाची वरची बाजू चकचकीत करून काही होत नाही. पान उलटं करा. कडुनिंबाचं तेल वापरणार असाल तर लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली तेल, ते मिसळण्यापुरता थोडा द्रव साबण, आणि मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. आधी एका पानावर लावून दोन दिवस थांबा. नेच्यांची, म्हणजे फर्नची, कोवळी पानं पटकन भाजतात. आणि उन्हात तर फवारूच नका.

आता लाल कोळी. पानांवर बारीक फिकट ठिपके, मागे धूळ बसल्यासारखं, पुढे जाळी. खात्री करायची तर पानाखाली पांढरा कागद धरून फांदीला टिचकी मारा. मिरपुडीचे कण पडतील, आणि त्यातले काही चालायला लागतील! त्यांना आठ पाय असतात, हा कीटकच नव्हे. म्हणून मुळांतून शोषली जाणारी इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं त्यावर चालत नाहीत. गरम, कोरड्या हवेत आठवडाभरात त्याची एक पिढी तयार होते. पहिला उपाय साधा आहे, झाड नळाखाली धरून पानं खालच्या बाजूने जोरात धुवा.

कुंडीभोवती घोंघावणाऱ्या काळ्या चिलटांवर मी फार वेळ घालवणार नाही. अळ्या ओल्या मातीत असतात. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती वाळल्याशिवाय पाणी घालू नका. पिवळे चिकट सापळे उडणारी पकडतात, अळ्या तशाच राहतात.

मुंग्या मात्र बघत चला. मावा, पिठ्या आणि काही खवले किडी पानावर गोड चिकटा सोडतात, तो खायला मुंग्या येतात आणि बदल्यात त्यांची राखण करतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की कीड वर कुठेतरी बहुधा असतेच.

माझ्या होयाच्या वेलीवर पिठ्या चार महिने येत राहिले. पानं पुसली, बेचकी पुसली, तारखा पाळल्या, तरी दर वेळी दोन-तीन हजर. शेवटी एकदा कुंडी धुवायला म्हणून उचलली, तर काठाच्या आतल्या वळणात पांढरी ओळ, आणि तळाच्या भोकातही कापूस. तेव्हापासून माझी पहिली फवारणी कुंडीच्या बाहेरून सुरू होते.