पर्दाना मंतरी

नमस्कार मंडळी,

सिंगापूरला नवीनच आले होते तेव्हा मलय वर्तमानपत्रात दोन शब्द दिसले : 'पर्दाना मंतरी'. मलय भाषा कळत नव्हती, पण अर्थ मात्र लागला. प्रधान मंत्री! आपण इथे काल-परवा आलो. हे शब्द कित्येक शतकं आधी येऊन नांदत होते. पोर्तुगीजांनी इथलाच 'मंतरी' उचलून चिनी दरबारच्या अधिकाऱ्यांना लावला, त्यातून मँडरिन झालं. इथल्या शाळेत मुलं जी मँडरिन, म्हणजे चिनी भाषा, शिकतात, तिच्या नावात आपला मंत्री बसलेला आहे.

'मन्' म्हणजे विचार करणं, मंत्र म्हणजे मसलत, मसलत देतो तो मंत्री. या शब्दाच्या मुळात सेवा नाही, हे मला बरेच दिवस खटकत होतं. कारण इंग्रजीतला मिनिस्टर लॅटिनमध्ये चक्क चाकर होता. 'कमी' या अर्थाच्या शब्दापासून तो निघाला. 'अधिक'पासून निघाला तो मॅजिस्टर, म्हणजे आपला मास्तर!

मग शिवाजी महाराजांचं अष्टप्रधान मंडळ आठवलं. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, फारसी नावं जाऊन संस्कृत आली. वाकनीस मंत्री झाले, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव. यातला अमात्य मला फार आवडतो. 'अमा' म्हणजे घरी, जवळ; म्हणून अमात्य हा घरचा माणूस. सचिव हा सोबत चालणारा. सेवा म्हणतात ती या दोन शब्दांत आहे, असं मला वाटतं.

पण मंत्र्यालाही ती लाभली, इंडोनेशियातल्या जावा बेटावर. डच अमलात तिथे 'मंत्री' हे खालच्या नोकरांचं पद होतं : जंगल राखणारा मंत्री, देवीची लस टोचणारा मंत्री. पुढे खेड्यात औषधपाणी करणाऱ्या परिचारकालाच लोक मंत्री म्हणू लागले.

माझ्या शेजारच्या इबू (तिकडे वडीलधाऱ्या बाईंना आदराने 'इबू', म्हणजे आई, म्हणतात) मध्य जावाच्या. लहानपणी रात्री ताप चढला की त्यांचे वडील सायकल काढून मंत्र्यांना आणायला जायचे, आणि ते यायचेच. हे सांगताना त्या 'मंत्री' हा शब्द इतक्या मायेने उच्चारत होत्या, की मी दोनदा तो पुन्हा म्हणायला लावला.