चर कोण भरतं?

(नाशिकला अंबड औद्योगिक वसाहतीत तरुण इलेक्ट्रिकल सुपरवायझरांसमोर झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘औद्योगिक आस्थापनांसाठी भूमिगत विद्युत पायाभूत सुविधा’. वाचून मलाच दडपण आलं. साइटवर आम्ही याला ‘केबलचं काम’ म्हणतो आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मातीकाम असतं. म्हणून आज मातीवरच बोलतो. विजेचं तुम्हाला कॉलेजात शिकवलंय. चराचं कुणी शिकवलेलं नसणार.

आधी एक चूक सांगतो, माझीच. बरीच वर्षं झाली. इथल्याच एका कारखान्यात ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची केबल टाकत होतो, मीटर रूमपासून शेडमागच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत. जूनचा पहिला आठवडा, त्र्यंबकच्या बाजूने आभाळ भरून आलेलं. खोदाईवाला म्हणाला, "साहेब, पाणी शिरलं तर चर ढासळंल. भरून टाकू का?" मी म्हटलं, भर. त्याने बाहेर काढलेलंच परत आत लोटलं. ब्रेकरने फोडलेले दगड, काळ्या मातीची ढेकळं, सगळं. वाळू नावाला, टोपलंभर. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून बघितला, रीडिंग झकास. बिल निघालं.

तिसऱ्या उन्हाळ्यात कारखान्यात नवी भट्टी आली, लोड वाढला आणि भर मे महिन्यात तो फीडर, म्हणजे त्याच केबलची लाइन, उडाला. पुन्हा चार्ज केला, पुन्हा उडाला. रात्री थंपर लावला. हे यंत्र केबलमध्ये ठरावीक अंतराने जोराचा झटका सोडतं आणि जिथे इन्सुलेशन फुटलंय तिथे जमिनीखाली ‘धप्’ असा आवाज होतो. आमचा म्हातारा जॉइंटर, म्हणजे केबल जोडणारा कारागीर, कानाला हेडफोन लावून चराच्या रेषेवर वीत-वीत सरकत होता. मध्येच हात वर करून त्याने सगळ्यांना गप्प केलं. म्हणाला, "हितं."

खणलं. केबलभोवतीची माती विटेसारखी भाजून पांढुरकी पडली होती. काळी मातीच ती, पावसात फुगते, सुकली की आकसते. इथे ती आकसून केबलपासून सुटली होती, मधल्या फटीत माझं बोट सहज गेलं. खालून एक कातळाचा तुकडा, कोयत्याच्या धारेसारखा, शीथमध्ये, म्हणजे केबलच्या बाहेरच्या आवरणात, रुतलेला. मालकाने मला विचारलं, "केबल हलकी लावलीत का?" केबल चांगल्या कंपनीची होती हो. चर हलका होता.

आता यात झालं काय ते बघा. वरच्या तारेला वारा लागतो, ती थंड राहते. पुरलेल्या केबलची उष्णता जाणार कुठे? मातीतूनच. कॅटलॉगात अँपिअरचा जो आकडा तुम्ही डोळे मिटून घेता, तो जमीन ३० अंशांवर आहे आणि मातीचा उष्णतेला विरोध १५० आहे, असं धरून काढलेला असतो. एकक सेल्सिअस-सेंटिमीटर प्रति वॅट, पण आकडा लक्षात ठेवा. माती कोरडी पडली आणि तो विरोध २५० झाला, की केबलची क्षमता साधारण पाचव्या हिश्शाने घटते. एक्सएलपीई, म्हणजे खास प्लास्टिकचं इन्सुलेशन असलेल्या केबलचा गाभा, आतली तार, सतत ९० अंश सोसतो, त्यापुढे इन्सुलेशनचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. त्यात केबलची ऊब स्वतःच जवळची ओल बाहेर ढकलते. ओल गेली की माती जास्त अडवते, अडवली की केबल जास्त तापते, तापली की आणखी ओल जाते. भर उन्हात माणसावर गोधडी घालायची आणि दर तासाला एक वाढवायची, तसं. आणि फट पडली असेल तर विचारूच नका, साचलेली हवा मातीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता अडवते.

मेगरला यातलं काहीच दिसत नाही. तो इन्सुलेशन बघतो, चर बघत नाही.

मग म्हणाल, वाळू टाकली की झालं. अर्धंच खरं. स्वच्छ, एकाच आकाराच्या दाण्यांची वाळू केबलला बोचत नाही, पण तिच्यात पाणी टिकत नाही. कोरडी झाली की तीही पोकळ्यांनी भरलेली. मला विचाराल तर बारीक-मोठे दाणे मिसळलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू घ्या, थोडी कच, बारीक पूड, असलेली. पाणी मारा आणि थराथराने धुम्मस करा. जिथे लोड खरोखर जास्त आहे आणि चार-सहा केबल शेजारी-शेजारी आहेत, तिथे १४ भाग वाळूला १ भाग सिमेंट असं फिकं मिश्रण भरतात. ते कोरडं पडलं तरी उष्णता बऱ्यापैकी जाऊ देतं, आणि पुढे कधी उकरायची वेळ आली तर टिकावाने फुटतं.

आपल्या जिल्ह्यात एकच ड्रॉइंग सगळीकडे चालत नाही. दिंडोरी-निफाडकडे काळी माती, सिन्नरला पाऊस बेताचा, आणि गोंद्याहून इगतपुरीकडे जाल तसा पाऊस वाढत जातो. तिथे चरात पंप लावून उभं राहावं लागतं. आयएस १२५५, म्हणजे केबल टाकण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, ११ केव्हीला ९० सेंटिमीटर, २२ आणि ३३ केव्हीला १०५ सेंटिमीटर खोली हवी. आपल्याकडे पाऊण मीटरवर कातळ लागला की ब्रेकरवाला कंटाळतो, तुमच्याकडे बघतो आणि म्हणतो, "वरून काँक्रीट मारू ना साहेब." त्या वेळी तुम्ही चहाला गेलेले नसावेत, एवढंच माझं म्हणणं.

ओल बाहेरून हवी, आत नको. कापलेल्या टोकावर टोपी नाही, ड्रम पावसात पडून, असं कितीदा बघितलंय. एकदा हॅकसॉ मारला तर गाभ्याच्या तारांमधून पाणी ठिबकायला लागलं. दोन मीटर कापून टाकले, तरी ठिबकतंय. पाणी तारांमधून लांबवर सरकतं आणि व्होल्टेजखाली इन्सुलेशनमध्ये झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक रेषा वाढवतं. फॉल्ट यायला पाच-सात वर्षं लागतात, तोवर ठेकेदाराची गॅरंटी संपलेली असते. श्रिंक कॅपची, म्हणजे तापवून टोकावर घट्ट बसवायच्या त्या टोपीची, किंमत तुम्हीच विचारून बघा.

विटा, टाइल, वरची धोक्याची पट्टी, रूट मार्कर, हे सगळे टाकतात. नाही टाकलं तर बिल अडतं. वळण मात्र सांभाळा. थ्री-कोर एचटी केबल, म्हणजे तीन गाभ्यांची उच्च दाबाची, तिच्या जाडीच्या १५ पटींपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नका. सिंगल-कोरचा एकच फेज लोखंडी पाइपातून नेऊ नका, पाइप तापतो.

शेवटचं, फोटोचं. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जिकडे-तिकडे जेसीबी फिरतायत. आपल्या वसाहतीतही रोज कुणी पाण्याची लाइन टाकतं, कुणी फायबर. केबलवर पहिला वाळूचा थर पडायच्या आधी दर दहा मीटरवर टेप आडवी धरून फोटो काढा, कंपाउंडच्या भिंतीपासूनचं अंतर आकड्यात दिसेल असा. त्यातच चराचा तळ दिसू द्या. तळाशी दगड असेल तर फोटोतही येईल, म्हणजे फोटो काढण्याआधी तुम्हीच तो उचलाल. त्या कारखान्याचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

आता प्रश्न विचारा. अर्थिंगचं आज नको, त्याला एक दिवस वेगळा लागतो.