पेशी मेली, पण कशी मेली?

ट्रिपॅन ब्लू हा रंग घालून पेशी तुम्ही सगळ्यांनीच मोजल्या आहेत. निळी दिसली की मेलेली, स्वच्छ दिसली की जिवंत. पण निळा रंग एवढंच सांगतो की पेशीचं पटल, म्हणजे तिचं बाहेरचं आवरण, फाटलंय. पेशी विषाने फुटली की स्वतःच्याच यंत्रणेने शिस्तीत संपली, ते त्यावरून कळत नाही. कर्करोगाच्या औषधावर काम करायचं तर नेमकं तेच कळायला हवं.

केर, वायली आणि करी यांनी 1972 साली या शिस्तीतल्या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ म्हटलं, ते मुख्यतः सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रूपावरून. पेशी आक्रसते, क्रोमॅटिन (डीएनए आणि प्रथिनांचा गुंता) घट्ट होतं, पटलात गुंडाळलेले तुकडे पडतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. तुकडे पडायच्या आधीच खबर लागावी, अशी खूण पुढे पटलातच सापडली.

जिवंत पेशी फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेदरेणू पटलाच्या आतल्या थरात ठेवते आणि त्यासाठी सतत एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चते. अपॉप्टोसिसमध्ये कॅस्पेज ही विकरं ही व्यवस्था मोडतात, रेणू बाहेर येतो आणि भक्षकपेशींना तो ‘मला खा’ असा निरोप ठरतो. अ‍ॅनेक्झिन-व्ही हे प्रथिन कॅल्शियम असेल तरच त्या रेणूला चिकटतं. त्याला हिरवा चमकणारा रंग जोडायचा आणि सोबत प्रोपिडियम आयोडाइड द्यायचं. हे अखंड पटलातून आत जात नाही. पटल फाटलं की डीएनएत शिरून लाल चमकतं.

फ्लो सायटोमीटर हे यंत्र एकेका पेशीची चमक मोजतं. त्याच्या आलेखात मग चार कोपरे मिळतात: कोणताच रंग नाही, फक्त हिरवा, फक्त लाल आणि दोन्ही. फक्त हिरव्या पेशी म्हणजे बहुधा अपॉप्टोसिसची सुरुवात. खरी पंचाईत दोन्ही रंगांच्या पेशींची. पटल फाटलं की अ‍ॅनेक्झिन आत शिरून आतल्या थरालाही चिकटतं, मग पेशी कोणत्याही वाटेने मेलेली असो. शिवाय काचेच्या बशीत बहुधा भक्षकपेशी नसतात, त्यामुळे अपॉप्टोसिसने मेलेली पेशीही शेवटी फुटतेच. म्हणून एकाच वेळचा नमुना पुरत नाही. औषध दिल्यावर ठरावीक अंतराने नमुने घ्या आणि पेशी आधी फक्त हिरव्या होऊन मग दोन्ही रंगांत जातात का, ते पाहा.

नमुना गोळा करतानाही जपा. मरणाऱ्या पेशी तळ सोडून तरंगतात. मीडिया, म्हणजे ज्यात पेशी वाढतात तो द्रव, सिंकमध्ये ओतलात तर ज्या मोजायच्या होत्या त्याच वाहून गेल्या. तो जपून ठेवा आणि ट्रिप्सिन या विकराने तळापासून सोडवलेल्या पेशींत मिसळा. ट्रिप्सिनमधलं ईडीटीए नीट धुऊन काढा. राहिलं तर ते कॅल्शियम पकडून बसतं आणि अ‍ॅनेक्झिन चिकटतच नाही.

1992 साली आलेली टनेल पद्धत डीएनएची तुटलेली टोकं रंगवते. ऊतकाच्या कापांवर ती फार उपयोगी, पण नेक्रोसिसमध्येही, म्हणजे पेशी इजेने फुटून मरते तेव्हाही, डीएनए तुटतो, हे विसरू नका.

म्हणून माझा आग्रह कंट्रोलचा, म्हणजे तुलनेच्या नमुन्याचा. एका नमुन्यात झेड-व्हॅड हे कॅस्पेज अडवणारं संयुग घाला. मरण थांबलं, तर अपॉप्टोसिसची बाजू भक्कम झाली. थांबलं नाही, तर नेक्रोप्टोसिस, म्हणजे कॅस्पेजशिवाय पेशीच्याच यंत्रणेने पटल फोडून येणारं मरण, तपासा. त्यातही फॉस्फॅटिडिलसेरीन पटल फुटण्याआधी बाहेर येऊ शकतं, आणि नुसत्या हिरव्या रंगावर विसंबणारा तिथेच फसतो.