छेद लहान, सांधा खोल

1931 साली न्यू यॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून आत काय काय दिसतं ते नोंदवलं. खुब्यापाशी मात्र ते अडले. मांडीच्या हाडाचा गोळा आणि कमरेच्या हाडातली वाटी यांच्या मधे सुईसुद्धा शिरणं शक्य नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. आज आपण त्या फटीत शिरतो. पण सांधा काही बदललेला नाही, तो होता तितकाच घट्ट आहे. खुब्यावरच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत होणाऱ्या गुंतागुंतीचं बरंचसं मूळ मला या घट्टपणात दिसतं, म्हणून सुरुवात तिथून केली.

आत शिरायचं तर गोळा वाटीपासून सुटा करावा लागतो. भूल दिल्यावर पाऊल बुटात आवळतात, दोन मांड्यांच्या मधे जाड गादी गुंडाळलेला खांब उभा करतात आणि पाय खेचतात. साधारण एक सेंटिमीटरची फट पडली की काम सुरू करता येतं. एवढ्याशा फटीसाठी लागणारा जोर भरपूर असतो, आणि तो शरीराला कुठेतरी सोसावा लागतो. पावलावर, मांडीच्या मागच्या मोठ्या नसेवर आणि खांब जिथे टेकतो त्या जागेवर. त्या जागेतून जाणारी नस जननेंद्रियांना संवेदना देते. ती दाबली गेली तर भूल उतरल्यावर तो भाग बधिर लागतो, काहींना लैंगिक संबंधांत अडचण येते. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते. पण आधी कुणी सांगितलेलंच नसेल, तर माणूस हादरतो आणि लाजेपोटी गप्प बसतो. संमतीपत्रावर सही घेण्याआधी डॉक्टरने हे स्पष्ट शब्दांत सांगितलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खेचण्याचा वेळ दोन तासांच्या आत ठेवायचा, हा आमच्याकडचा दंडक. खांब न वापरता, टेबल डोक्याच्या बाजूला उतरतं करून पाय खेचायची पद्धतही आता रुळते आहे.

मग दुर्बीण आत जाते. वाटीच्या काठाला लेब्रम नावाची मऊ, चिवट कड असते आणि गोळ्यावर गुळगुळीत कूर्चा. पहिली सुई, पहिलं अवजार आत घालताना यांतलं काहीतरी टोचलं किंवा खरवडलं जाऊ शकतं. असं वरचेवर घडतं आणि त्या मानाने त्याची नोंद कमी होते. मला ते जास्त बोचतं, कारण जी कूर्चा वाचवायला आपण आत गेलो तिलाच आपल्या हाताने ओरखडा पडतो, आणि कूर्चा स्वतःहून नीटशी भरून येत नाही. पुढच्या बाजूच्या छेदाजवळून मांडीच्या बाहेरच्या त्वचेची नस जाते. तिथे बधिरपणा आला तर तो त्रासदायक असतो, धोक्याचा नसतो.

धोक्याचं आहे ते पाणी. सांधा फुगावा, रक्त धुतलं जावं म्हणून पंपाने सतत सलाइन सोडलेलं असतं. पंपाचा दाब जास्त असेल, शस्त्रक्रिया लांबली असेल किंवा सांध्यासमोरून पोटाकडे जाणाऱ्या स्नायूचा कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, सैल केला असेल, तर हे पाणी त्या स्नायूच्या कडेने वर चढून पोटात साठू शकतं. पोट ताणतं, शरीर गार पडतं, रक्तदाब घसरतो. हृदय बंद पडल्याच्याही नोंदी आहेत. फार विरळ, पण आहेत. म्हणून भूलतज्ज्ञाने चादरीखाली हात घालून अधूनमधून पोट चाचपावं, तापमानावर नजर ठेवावी. शुद्धीवर आलेला रुग्ण ‘पोट दुखतंय’ म्हणाला, तर ते भुलीमुळे असेल असं गृहीत धरू नये.

आता हाड. स्वित्झर्लंडमधले राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये एक गोष्ट नेमकी मांडली: गोळ्याच्या मानेवर, म्हणजे त्याच्या खालच्या निमुळत्या हाडावर, किंवा वाटीच्या काठावर हाड जास्त असेल, तर पाय वाकवताना ते एकमेकांवर घासतं आणि त्यातून सांधा झिजू शकतो. तेव्हापासून हे जास्तीचं हाड दुर्बिणीतून तासण्याचं प्रमाण खूप वाढलं. जास्त तासलं तर मान कमकुवत होऊन मोडू शकते. मृतदेहांवरच्या प्रयोगांत त्या जागेची 30 टक्क्यांपर्यंत जाडी काढता येते असं दिसलं, पण ती मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. शिवाय गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या तिथूनच जातात. त्या तुटल्या तर गोळ्याचं हाड मरतं. उलट कमी तासलं तर घासणं चालूच राहतं. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं हे एक प्रमुख कारण आहे, तरी गुंतागुंतीच्या यादीत ते बऱ्याचदा मोजलंच जात नाही.

सांध्याभोवतीचं आवरण कापून तसंच सोडलं, किंवा मुळातच वाटी उथळ असलेल्या रुग्णाचा काठ तासला, तर गोळा सैल होतो, क्वचित निखळतोही. उथळ वाटी एक्स-रेवर आधीच दिसते. ती पाहूनही दुर्बीण हातात घेतली, तर त्या चुकीला गुंतागुंत हे नाव देणं मला पटत नाही. फट 2 मिलिमीटरहून कमी उरलेल्या झिजलेल्या सांध्याचंही तेच. तिथे दुर्बिणीचा फारसा उपयोग होत नाही, आणि थोड्या काळात सांधा बदलण्याची वेळ येते.

जंतुसंसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या होतात, पण कमी. स्नायूत नको तिथे हाड धरू नये म्हणून काही आठवडे सूज कमी करणाऱ्या गोळ्या देतात.

एकूण आकडे धीर देणारे आहेत. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात गंभीर गुंतागुंत 1 टक्क्याहून कमी रुग्णांत आढळली, किरकोळ साधारण 7.5 टक्क्यांत. पण हे आकडे सगळ्या हातांना सारखे लागू होत नाहीत. न्यू यॉर्क राज्यातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण सगळ्यांत कमी कुणाचं होतं? 500 हून अधिक खुबे केलेल्या सर्जनांचं.

शेवटी घरी गेल्यानंतरचं. कुबड्या सांगितल्या तितके आठवडे वापराच, दुखत नसलं तरी. तासलेली मान भार पेलायला वेळ घेते. पाय टेकताच जांघेत अचानक कळ आली तर भार काढा आणि त्याच दिवशी एक्स-रे काढून घ्या. पोटरी सुजली, दुखू लागली, तर तपासायला या. दम लागला किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट पाहू नका.